पाणमांजराचा मंत्र

१

वहीतलं तिसरं पान नव्हतं.

दुसरं होतं, चौथं होतं, आणि मधल्याचा पत्ता नव्हता. मुकुंद डेहनकरनं वही उलटी धरून झटकली, पुन्हा सुलटी केली, पुन्हा पहिल्यापासून पानं उलटली. शाळेत नववी-दहावीला गणित शिकवणारा माणूस तो. दोनाच्या पुढं चार येत नाहीत हे कळायला त्याला तीनदा पाहायची गरज नव्हती, तरी त्यानं पाहिलं. मग वही चटईवर आपटली.

"पान कोणी काढलं?"

"आपटल्यानं पान येते का गा?" देवराव म्हणाला.

एप्रिलमधला रविवार, सन पंच्याऐंशी, दुपारचा एक. धंतोलीतल्या दवाखान्यांच्या मागच्या गल्लीतलं घर. बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं, आणि खोलीतला कूलर गारवा थोडा आणि आवाज फार देत होता. मुकुंदाच्या डोक्यात तिडीक गेली ती काही उन्हानं नव्हे.

आधी खेळ सांगायला हवा, नाहीतर एका पानासाठी चार मोठी माणसं एकमेकांच्या अंगावर का धावली ते कळायचं नाही. हा खेळ चंद्रभान बोकडेचा. अमेरिकेहून आलेल्या कोणा ओळखीच्याकडून त्याला एक इंग्रजी पुस्तक महिनाभर वाचायला मिळालं होतं. पुस्तक परत गेलं, आणि चंद्रभाननं शंभर पानी वहीत स्वतःचाच मराठी खेळ लिहून काढला. त्याला पट नाही, सोंगट्या नाहीत. प्रत्येकानं एक सोंग घ्यायचं: कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी वनयोगिनी. सूत्रधारानं प्रसंग सांगायचा, सोंगानं काय करायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं, आणि ते साधलं की फसलं हे वीस बाजूंच्या फाशानं सांगायचं. तो फासाही त्या पुस्तकाबरोबर आलेला, बोराएवढा, हिरवा. मंत्र टाकायचा असला तर तो सगळ्यांपुढं खरोखर म्हणून दाखवावा लागे. वाद झाला की एकच उत्तर होतं: वहीत लिहिलं असेल ते खरं.

चंद्रभान दीड वर्षापूर्वी काविळीनं गेला. सव्वीस वर्षांचा होता. शेवटल्या आठवड्यात त्यानं वही मुकुंदाच्या हातात दिली आणि म्हणाला, "जलमहाल पुरा कर. मनानं काही ठोकू नको. मी लिवलं तसाच पुरा कर."

तेव्हापासून दर रविवारी मुकुंद, देवराव, कवडू आणि पुष्पलता असे चौघं त्याच्याच खोलीत जमत आणि जलमहालाची ती लांबलचक मोहीम खेळत. आज शेवटचा रविवार होता. चंद्रभानची आई रुखमाबाई घर सोडून मौद्याला थोरल्या मुलाकडे राहायला चालली होती. पाच वाजता तो थोरला, महादेवराव, सामान न्यायला मॅटडोर घेऊन येणार, आणि खोलीला कुलूप लागणार.

आणि मोहीम नेमकी अशा जागी अडकली होती की तिसऱ्या पानाशिवाय ती हलत नव्हती.

२

महालाच्या तळघरात देवरावचा योद्धा आणि कवडूचा चोर कोंडलेले होते, पाणी छातीपर्यंत चढलेलं. बाहेर जलराक्षस पहाऱ्यावर. पुष्पलताची वनयोगिनी पाणमांजराचं रूप घेऊन मोरीतून राक्षसाच्या पाठीमागं पोचली होती. माणसाचं रूप परत घेतलं तर ती त्या अरुंद मोरीत चिरडून मरणार. पाणमांजर राहूनच तिनं राक्षसाला निद्रामंत्रानं झोपवलं तर सगळे वाचणार. पण प्राण्याच्या रूपात मंत्र टाकता येतो का? याचं उत्तर रूपांतराच्या नियमात, आणि रूपांतराचे नियम तिसऱ्या पानावर.

मागच्या रविवारी हाच प्रश्न आला तेव्हा अंधारून आलं होतं आणि वीज गेली होती. पान तेव्हा जागेवर होतं. मेणबत्ती आणून पाव मिनिटात वाचता आलं असतं. मुकुंद म्हणाला होता, "पुढल्या रविवारी पाहू," आणि वही खोलीतल्या कपाटात ठेवून घरी गेला होता. आता त्याला स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटत होती. ते पान त्यानं दोन वर्षांपूर्वी एकदा वाचलं होतं. त्यात 'अपवाद' असा एक शब्द होता एवढंच आठवत होतं, आणि कशाचा अपवाद ते काही केल्या आठवत नव्हतं.

"तूच सूत्रधार हायेस," कवडू म्हणाला. "सांगून टाक काहीतरी."

"मनानं ठोकायचं नाही, असं त्याला कबूल केलंय मी."

मुकुंदानं वही उचलून मधोमध उघडली. पान फाडलेलं नव्हतं. फाडलं की शिवणीशी चिंध्या राहतात, इथं एकही नव्हती. मधल्या दोन पिनांचे पाय मात्र कोणीतरी उचलून पुन्हा दाबून बसवले होते, आणि दाबताना एक पाय वाकडा राहिला होता. कोणीतरी निवांत बसून, कशाच्या तरी टोकानं हे केलं होतं.

आठवडाभरात या घरी कोण आलं, हे विचारायचीही गरज नव्हती. कवडू बाजूच्या दवाखान्यात कंपाउंडर, त्याची सायकल रोज याच अंगणात लागे. देवराव विजेच्या खात्यात वायरमन, तो बुधवारी पंखा उतरवायला आला होता. पुष्पलता टेलिफोन ऑपरेटर, ती गुरुवारी भांडी बांधायला आली होती. एकाच्या खिशात चिमटा, दुसऱ्याच्या खिशात पक्कड, तिसरीच्या केसात आकडे.

"एकेक जण मागं पडवीत या," मुकुंद म्हणाला.

"अबब," देवराव म्हणाला, "मास्तर आता कान धरून उभं करतेत."

३

पडवीत रुखमाबाई सामान बांधत बसली होती. पोत्यांची तोंडं शिवून झाली होती, आता ती एक उशी शिवून बंद करत होती. मोठं दाभण, दातात दोरा, आणि नाकातल्या नाकात काहीतरी गुणगुणणं चाललेलं. शब्द नाहीत, नुसती चाल, वर जाऊन खाली येणारी. सामानातून चंद्रभानच्या नावाची दवाखान्याची जुनी चिठ्ठी उडाली तेव्हा तिनं ती उचलून कपाळाला लावली आणि पुन्हा शिवायला लागली. गुणगुणणं थांबलं नाही.

"मावशी," मुकुंद म्हणाला, "जरा गप राहता का? मला विचार करू द्या."

रुखमाबाईनं त्याच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि गप्प झाली.

कवडू आधी आला. मुकुंदानं विचारलं, "तुझ्या चोराजवळ प्राणरक्षक गुटिका आहे. बाकीचे बुडाले तरी तू वाचतोस. आणि शेवटी जो एकटा वाचेल त्याला हा फासा कायमचा, असं चंद्रभाननं ठरवलं होतं. पुष्पाचा मंत्र चालला तर सगळेच वाचतात. पान गायब झालं तर फायदा कोणाचा?"

कवडूचा चेहरा उतरला. "त्याले शेवटली सुई मी टोचली, मुकुंदा. शीर सापडत नव्हती. दोनदा टोचा लागलं, तं तोच मले म्हने, राहू दे गा, तुले त्रास होते. त्याच्या वहीले मी चिमटा लावीन? फासा तूच ठेव."

तो उत्तराची वाट न पाहता आत गेला. मुकुंदाला लाज वाटली आणि त्यामुळं रागही आणखी चढला.

देवराव आला तो मिशीवर हात फिरवतच. कुही गावच्या ठवकर घराण्याची ती मिशी, दोन्ही टोकं वर. मागच्या रविवारी त्यानं पुष्पलताशी पैज लावली होती, की जनावराच्या रूपात मंत्र चालत नाही. चालला तर मिशी उतरवीन.

"पान वाचून तुला कळलं असेल की चालतो," मुकुंद म्हणाला.

"मिशी गेली तं मले कुहीत पाय ठेवता येत नाई, हे खरं हाय," देवराव म्हणाला. "पन मी पान कायले चोरू? बुधवारी मी पंख्यावर चढलो होतो. मावशी खालून सारखी म्हनत होती, पडशीन रे, पडशीन रे. कपाटापाशी गेलोच नाई. विचार तिले."

रुखमाबाईनं दाभण न थांबवता मान डोलावली.

पुष्पलता सगळ्यांत शेवटी आली आणि बसलीच नाही. "मले काय विचारतोस? पान सापडलं पायजे म्हनून दुपारपासून जीव टांगून बसली मी. चालत नसंन मंत्र तं मरतो आम्ही. पन त्याच्या नियमानं मरू."

"नियम तुझ्या विरुद्ध असला तर पान नसलेलंच बरं. मग वाद घालता येतो."

"चार वर्षं," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चिरकला. "चार वर्षं मी सहा दिवस लोकायचे नंबर जोडून देतो आन सातव्या दिवशी इथं येतो. घरचे म्हनतेत, तीन बाप्यांत बसून काय करते. तरी येतो. आन तू मले चोर म्हनून राहिला. गुरुवारी वही मीच पाह्यली, हो. कपाट पुसताना पडली तं उचलली. मांगं पेन्सिलीनं काहीबाही लिवलेलं दिसलं, कच्चं काम असंन म्हनून ठेवून देली. तिसरं पान पाह्यलंबी नाई. बस, झालं? मी निंगाली."

ती आत गेली, पर्स उचलली, चपला घातल्या. तिच्यामागं कवडूही उठला. साडेतीन वाजले होते. चंद्रभानची मोहीम पुरी होणं तर दूरच, त्यानं जमवलेली माणसंच एका दुपारात मोडायला निघाली होती, आणि मोडणारा मुकुंद स्वतः होता.

४

"पाच मिनिटं थांबा," मुकुंद म्हणाला. "हात जोडतो. पाचच मिनिटं."

ते थांबले, पण उभेच. मुकुंदानं वही मांडीवर घेतली. पुढं काय करायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. डोकं चालेनासं झालं की गणिताचा मास्तर जे करतो ते त्यानं केलं: मोजायला बसला.

दुकानदार शंभर पानी म्हणतो ती वही म्हणजे पन्नास पानं, दोन्ही बाजू धरून शंभर. त्यातलं एक गेलं, म्हणजे एकोणपन्नास राहायला हवीत. मुकुंदानं मोजली. अठ्ठेचाळीस भरली. चुकलं म्हणून पुन्हा मोजली, थुंकी लावून, एकेक. अठ्ठेचाळीस.

"मोजून वाढतेत का?" देवराव म्हणाला, पण मुकुंदानं ऐकलं नाही.

चंद्रभाननं एकतीस पानांना आकडे घातले होते. त्यांतलं तिसरं सोडून एकही कमी नव्हतं. म्हणजे दुसरं गेलेलं पान मागच्या, आकडे नसलेल्या भागातलं. मुकुंदानं वही मागून उघडली. शेवटल्या दोन पानांवर जुन्या फाशांचे आकडे होते. बाकी सगळं कोरं. पुष्पलतानं पाहिलेलं पेन्सिलीचं लिखाण कुठंच नव्हतं.

"पुष्पा," तो सावकाश म्हणाला, "ते पेन्सिलीचं लिखाण मागून कितवं होतं?"

"शेवटले दोन सोडून," ती म्हणाली. "काहून?"

मुकुंदानं वही मधोमध उघडून पिनांवर बोट ठेवलं. शाळेतलं प्रत्येक पोरगं हे जाणतं. चाचणीला कागद हवा असला की ते वहीच्या मधून जोडपान काढतं, कारण मधे पिन मारलेल्या वहीत सुटं पान नसतंच. एकेक मोठा कागद दुमडून दोन पानं झालेली असतात. पहिलं आणि शेवटलं एकच कागद. दुसरं आणि मागून दुसरं एकच कागद. समोरून तिसरं आणि मागून तिसरं, तेही एकच.

"आपण सगळे तिसऱ्या पानामागं लागलो," मुकुंद म्हणाला. "तिसरं पान कोणाला नकोच होतं. ज्याला नियम लपवायचा तो एक पान ओढून फाडतो आणि मोकळा होतो. पिना उचलून, वहीला ओरखडा न येऊ देता, अख्खा कागद कोण काढेल? ज्याला ही वही दुखवायची नाही तो. त्याला मागचं पेन्सिलीचं पान हवं होतं. पुढचं त्याच्याबरोबर आलं."

"पन मांगचं पान कोनाले पायजे?" कवडूनं विचारलं. "काय होतं त्याच्यावर?"

ते मुकुंदालाही माहीत नव्हतं. पण पिनेचा पाय उचलायला चिमटा लागत नाही, पक्कडही लागत नाही. टोकदार, जाड आणि हातातलं काहीही चालतं. आणि या घरात तसं एक अवजार आठवडाभर कोणाच्या हातातून सुटलं नव्हतं.

तो उठून पडवीत गेला. तिघंही त्याच्या मागं गेले.

५

रुखमाबाई उशीचा शेवटचा कोपरा शिवत होती. गुणगुणत नव्हती. तिला गप्प राहायला सांगितलं होतं.

मुकुंद तिच्यासमोर खाली बसला. एवढा वेळ त्यानं सगळ्यांना खडसावलं होतं, आणि आता त्याला वाक्य सुचेना. "मावशी, चंद्रभानच्या वहीतला मागचा कागद तुमच्याजवळ आहे का?"

तिनं दातातला दोरा काढला. आधी पुष्पलताकडे पाहिलं, मग खाली.

"हाय," ती म्हणाली. "शुक्रवारी काढला. तो आजारी होता तवा मले म्हने, माय, तुह्यावर लिवलं हाय मांगं. मले पेन्सिलीचं दिसत नाई. मौद्याले नातीकडून वाचून घेईन म्हनलं. वही तं त्यानं तुले देली, मंग तुले कशी मांगू? एक मांगचं पान, तुमाले कायले लागते, असं वाटलं."

"मावशी, आम्ही दुपारपासून पान पान करून ओरडत होतो."

"तुमी समोरचं तिसरं धुंडून राहिले होते," रुखमाबाई म्हणाली. "मी तं मांगचं काढलं. कागद बाहेर आला तं लांब निंगाला, म्या त्याचं पेन्सिलीचं लिवलेलं आत करून घडी घातली. मले वाटलं तुमचं अलग हाय." तिचे डोळे भरले. "पोरीले चोर म्हनलं ना तुमी. माह्यापायी."

देवराव उगाच पोत्याची गाठ चाचपत राहिला.

रुखमाबाईनं दाभणानंच उशीची शिवण उसवली. ती चंद्रभानची उशी होती. कापसात हात घालून तिनं घडी बाहेर काढली, कपाळाला लावली आणि मुकुंदाच्या हातात दिली.

मुकुंदानं आधी समोरचं पान वाचलं, मोठ्यानं. शाईतलं, ठसठशीत, धडधाकट असतानाचं अक्षर:

"रूपांतर. प्राण्याच्या रूपात मंत्र चालत नाही. मंत्राला बोलणारी जीभ लागते आणि मुद्रा करणारे हात लागतात. प्राण्याजवळ दोन्ही नाहीत. अपवाद एकच ठेवणार आहे. सुचला की मागे लिहीन."

देवरावचा हात आपोआप मिशीकडे गेला. पुष्पलतानं डोळे मिटले.

मुकुंदानं कागद उलगडून मागचं पान धरलं. पेन्सिलीच्या ओळी तिरक्या झालेल्या, अक्षरं थरथरलेली. त्याला उजेडाकडे जावं लागलं.

"अपवाद सुचला. निद्रामंत्र. माझी माय शिवताना दोरा दातात धरते. तोंड बंद, दोन्ही हात गुंतलेले. तरी ती गुणगुणते, आणि मला झोप लागते. आजारी पडल्यापासून दुसऱ्या कशानं लागत नाही. ज्याला जीभ नाही आणि हात नाहीत, त्यालाही हा मंत्र चालेल. याला फासा टाकू नये. चाल मायला विचारावी."

मुकुंदाला आठवलं की दोन तासांपूर्वी ती चाल त्याच्या शेजारीच चालू होती, आणि त्यानं ती बंद करायला लावली होती. याहून मोठा मूर्खपणा त्यानं आयुष्यात केला नव्हता. त्यानं तसं बोलूनही दाखवलं.

"जाऊ दे गा," रुखमाबाई म्हणाली. "तुले विचार करा लागत होता."

"आता गुणगुणता का, मावशी?"

"अशी कशी? हातात काम नसलं तं मले येत नाई."

मग तिनं उसवलेली उशी मांडीवर ओढली, दोरा दातात धरला आणि पहिला टाका घातला. चाल सुरू झाली, वर जाऊन खाली येणारी. पुष्पलता चपला काढून तिच्या शेजारी बसली, तोंड मिटलं आणि हळूच त्या आवाजात आपला आवाज मिसळला. दोनदा चुकली. तिसऱ्यांदा जमलं. आपला आवाज ठीक राहील याची खात्री झाल्यावर मुकुंदानं सूत्रधार म्हणून सांगितलं की जलराक्षसाची मान खाली आली, भाला हातातून निसटला, आणि तळघराची कडी पाणमांजरानं दातांनी ओढली. कवडूनं शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं.

"माह्या मिशीचं काय?" देवराव म्हणाला.

"नियम तुहा, अपवाद माहा," पुष्पलता म्हणाली. "अर्धी उतरव."

सगळे वाचले होते, म्हणून फासा एकट्या कोणाचाच झाला नाही. पुष्पलतानं तो उशीच्या कापसात सारला. मुकुंदानं कागदाची होती तशी घडी केली आणि फाशाच्या शेजारी ठेवली. नियम आता चौघांना पाठ होता, आणि वही अठ्ठेचाळीस पानांची राहिली तरी चालणार होतं. जलमहाल पुरा झाला होता, त्यानं लिहिला होता तसाच.

रुखमाबाईनं शेवटची बाजू शिवायला घेतली आणि मधेच दोरा तोंडातून काढून विचारलं, "ते पानमांजर निंगालं का भाईर?"

"निंगालं, मावशी," मुकुंद म्हणाला. "सगळेच निंगालो."

गल्लीत मॅटडोर येऊन थांबली. महादेवरावनं दोनदा भोंगा वाजवला. शिवण पुरी होईपर्यंत कोणी उठलं नाही.